विहाराच्या भिंतीची पत्रिका

आमच्या घरात पत्रिका कुणी काढत नाही. माझं लग्नसुद्धा पत्रिकेशिवाय झालं आणि बरं चाललंय, नवऱ्याला तेवढं विचारू नका. पण पोटासाठी मी स्वतः पत्रिकाच काढते, भिंतींच्या. माधापूरच्या एका कंपनीत माझी नोकरी आहे. रस्त्याच्या कडेला, पुलाच्या बाजूला, टेकडी कापून उभ्या केलेल्या सोसायट्यांच्या मागे मातीला धरून ठेवणारी जी भिंत असते, ती कशाची बांधावी हे ठरवण्याआधी आम्ही तिचं सगळं आयुष्य मांडतो. माल कुठून निघाला, भट्टीत किती भाजला, किती लांबून ट्रकनं आला, भिंत किती वर्षं उभी राहील, मधे किती दुखणी काढेल, आणि शेवटी पाडली की तिचं काय होईल. या सगळ्यात धूर किती झाला, पाणी किती गेलं, कचरा किती उरला. मग तीनचार तऱ्हेच्या भिंतींचे हिशेब शेजारी शेजारी ठेवायचे आणि कुठली पृथ्वीला कमी जड जाते ते बघायचं. दादा लोकांना सांगतात, "लेक इंजिनेर आहे, भिंत उभी राहायच्या आधी तिचं मयत मोजते."

दादा म्हणजे माझे वडील. रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण सवय गेली नाही. कुठलंही वाक्य त्यांच्यासमोर टाका, ते चष्मा नाकावर ओढून आधी त्याचं तिकीट बघतात. भाजीत मीठ कमी पडलंय म्हटलं तरी विचारतील, कशावरून. मी आणि माझा नवरा अंबरपेठेत त्यांच्याच घरात राहतो, त्यामुळे आम्ही दोघंही कायम तिकीट हातात धरूनच बोलतो.

आमची वस्ती उतारावर आहे. मराठवाड्यातून या तेलुगू शहरात कामाला आलेल्या आमच्या आजोबा-आज्यांनी ती वसवली. उताराच्या माथ्यावर विहार, विहारासमोर अंगण, आणि ते अंगण खाली घसरू नये म्हणून दीड पुरुष उंचीची दगडी भिंत. भिंतीच्या पायथ्याशी खालची गल्ली, आणि तिथून भिंतीच्या कडेनं अंगणाच्या फाटकापर्यंत चढणाऱ्या पायऱ्या. त्या गल्लीतल्या घरांच्या मोऱ्या आणि स्वयंपाकघरं भिंतीला अगदी चिकटून. संध्याकाळची वंदना झाली की दादा अंगणात, भिंतीच्या काठाशी, स्वतःची लोखंडी घडीची खुर्ची टाकून बसायचे. खालच्या गल्लीतून कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या लेकराच्या पायात चप्पल नाही, सगळ्याची तपासणी चालायची. आई गेल्यापासून तर ते अंगण म्हणजे त्यांचं अर्धं घर झालं होतं. घरी आमच्याशी जेवढं बोलत त्याच्या चौपट तिथं बोलत. मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट संध्याकाळी त्यांना तिथं बसलेलं बघितलं की माझा ऑफिसचा शीण उतरायचा.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी त्या भिंतीला पोट सुटलं. खालच्या गल्लीतल्या एका वहिनींनी आधी बघितलं. त्यांच्या मोरीतून हात लांब केला की भिंत लागायची, ती आता हात न लांबवता लागायला लागली होती. विहार समितीनं मला बोलावलं. मी गेले, हात फिरवला, थापट्या मारून बघितल्या, आणि दहा मिनिटांत कारण कळलं. कळलं ते बोलायची मात्र पंचाईत झाली.

मातीला धरणारी भिंत मातीनं पडत नाही, पाण्यानं पडते. मागची माती भिजली की फुगते आणि रेटा देते. म्हणून भिंतीत पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. आमच्या जुन्या भिंतीत ती होती, दगडांच्या सांध्यांतून पाणी आपोआप झिरपायचं. पण कधीतरी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला गेला. मग जयंती आली की गिलाव्यावर निळा रंग. झिरपणाऱ्या पाण्यानं रंगावर डाग पडायला लागले, तेव्हा पोरांनी पुट्टी भरून भरून एकूण एक भोक बुजवलं. पुढच्या जयंतीला भेगांवर आणखी गिलावा, आणखी निळा. नाकापेक्षा मोती जड होत गेला. दरवर्षी आमची भिंत जयंतीला नटत होती आणि आतून गुदमरत होती. एवढ्या प्रेमानं एवढा घात दुसऱ्या कुठल्या वस्तीनं केला असेल असं मला वाटत नाही.

आणि तो पहिला गिलावा दादांनी केला होता. ते समितीचे अध्यक्ष होते तेव्हा, उभं राहून, मेस्त्रीच्या डोक्यावर बसून करून घेतला होता. त्या गिलाव्याचा त्यांना भारी अभिमान. आपलेच दात, आपलेच ओठ, काय बोलणार?

पुढच्या पावसाच्या आत नवी भिंत उभी करायची हे ठरलं. कशाची, हे मी सांगायचं होतं. मग मी आमच्या भिंतीची पत्रिका मांडली, ऑफिसात मोठ्या लोकांसाठी मांडते तशीच, रात्रंदिवस डोक्यात तेच घोळवत. उंची तीच, लांबी तीच, किती वर्षं टिकायला हवी तेही तेच धरायचं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. अर्ध्या आयुष्याची भिंत स्वस्त दिसली तर ती दोनदा बांधावी लागणार, म्हणजे दोनदा मोजायची.

पहिली, सळईच्या काँक्रीटची. अंगानं सडपातळ, दिसायला देखणी, आणि वस्तीला हवी होती तीच. पण तिचं सिमेंट भट्टीतून येतं, सळई त्याहून मोठ्या भट्टीतून. जन्मालाच एवढा धूर ओकते की पुढचं सगळं आयुष्य ती शांत उभी राहिली तरी फिटत नाही. शिवाय तिची टाच मातीत आतवर जाते, म्हणजे अर्धं अंगण खणायचं. मेली की उरतो मलबा. दुसरी, सिमेंटमध्ये बांधलेल्या दगडाची. दगड आपला घरचाच, सिमेंट कमी, पण पायाशी एवढी जाड लागते की खालच्या वहिनींच्या मोरीत शिरेल. तिसरी, मातीच्याच थरांत जाळ्या अंथरून पुढून ठोकळे लावायचे. उंच भिंतींना हा प्रकार फार गुणाचा, पण इथं त्यासाठी अंगण विहाराच्या पायरीपर्यंत उपसावं लागलं असतं. चौथी, तारेच्या जाळीच्या पेट्या, आत रचून भरलेला दगड. पेट्या एकावर एक, पायरी पायरीनं मागे सरकवत. जागा तिलाही लागते, पण ती अंगणाच्या काठातून घेता येते. पाणी तिच्यातून आरपार जातं, भोक बुजवायचं म्हटलं तरी बुजवता येत नाही. तार कधीतरी गंजणार, तिच्यावर जस्ताचा जाड थर हवाच. पण तार गेली तरी दगड राहतो, पुन्हा दुसऱ्या पेटीत घाला. लांबच्या खाणीतून ट्रकनं दगड आणायचा असता तर तिचाही तोरा उतरला असता. आमचा दगड जागेवरच होता. त्यामुळे चौथी बाकी तिघींच्या कितीतरी पुढे निघाली.

रविवारी वंदना झाल्यावर विहारातच बैठक भरली. मी तक्ता मोठ्या कागदावर मराठीत लिहून नेला होता, हौसेनं. समितीतल्या तरुण पोरांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाले, ताई, तुम्हीच वाचून दाखवा. बोलतात मराठी, वाचायची वेळ आली की तेलुगू नाहीतर इंग्रजी. झक मारत सगळं वाचून दाखवलं. भिंत का फुगली तेही सांगितलं. गिलाव्याचं नाव घेतलं, करणाऱ्याचं घेतलं नाही.

दादा पुढच्याच ओळीत बसले होते. त्यांनी चष्मा ओढला.

"गिलावा कुणी केला ते सांग की," ते म्हणाले. "मी केला. पुढं बोल. दगड परत वापरायचा म्हणतेस?"

मी म्हणाले, "हो दादा. आपल्याच भिंतीतला. म्हणून तर ही चौथी सगळ्यांत चांगली."

"उचलणार कोण?"

मी म्हटलं, मजूर उचलतील, आणखी कोण.

"गल्लीत गाडी शिरत नाही. म्हणजे मजुरांच्या अड्ड्यावरून बाया आणणार. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दगड." त्यांनी माझ्या कागदाकडे बोट केलं. "धुराचा रकाना आहे, पाण्याचा आहे, कचऱ्याचा आहे. माय, तुझ्या तक्त्यात पाठ कुठंय?"

मी रकाने बोटानं पुन्हा मोजले. पाठ नव्हती. 

मग दादांनी जे सांगितलं ते मी पन्नास वर्षांची झाले तरी ऐकलं नव्हतं. माझी आजी, दादांची माय, खाणीवर खडी फोडायची एवढं मला माहीत होतं. खाणवाल्यानं नापास केलेले दगड ती आणि वस्तीतल्या बाया काम सुटल्यावर डोक्यावरून इथं या भिंतीसाठी आणायच्या, हे माहीत नव्हतं. दिवसभर मालकाचे दगड वाहायचे आणि संध्याकाळी विहारासाठी आपले. दादा तेव्हा लहान, तिच्या मागे मागे चालायचे. तिची मान पुढे पुढे वाकत गेली आणि शेवटी ती जेवतानाही वर बघू शकत नव्हती. नोकरी लागल्यावर, अध्यक्ष झाल्यावर, दादांनी पहिलं काम केलं ते गिलाव्याचं. शोभेसाठी नाही. विहाराच्या पायऱ्या चढताना तो दगड त्यांना दिसायला नको होता.

"दगड म्हणजे मजुरी," दादा म्हणाले. "सिमेंट म्हणजे पगार. तुम्हाला परत दगडाचीच करायची असेल तर करा, तुम्ही शिकलेले आहात. पण त्या अंगणात मी बसणार नाही."

उठले, अंगणातली खुर्ची घडी केली, काखेत मारली आणि घरी निघून आले. दादा शब्द मागे घेत नाहीत. विनातिकीट सापडलेल्या स्वतःच्या मेव्हण्याकडून त्यांनी दंड घेतला होता, हे आमच्या नात्यात अजून सांगतात.

समिती परेशान झाली. एक जण म्हणाला, दादांसाठी काँक्रीटचीच करू. खालच्या वहिनी म्हणाल्या, अंगण खणाल आणि माझं घर हादरेल, त्याचं काय. शेवटी पाऊस यायच्या आत होणारी आणि पाणी सोडणारी म्हणून पेट्यांची भिंत पक्की झाली, आणि दादांचं काय ते तुम्ही बाप-लेक बघा म्हणून सगळे मोकळे झाले.

घरी अबोला नव्हता, हो. दादा जेवत होते, बातम्या बघत होते, माझ्या नवऱ्याच्या वरणाला नावं ठेवत होते. फक्त संध्याकाळी आमच्या बाल्कनीत ती खुर्ची टाकून भिंतीकडे पाठ करून बसायचे. खाली रस्ता होता, पण रस्त्यावरच्या कुणाची तपासणी करत नव्हते. मला आधी त्यांचा राग आला. म्हातारपणी एवढा हट्ट कशाला, असं मनात म्हटलं. मग ती रोजची पाठ बघून लक्षात आलं. माझ्या एका तक्त्यानं माझ्या बापाचं अर्धं घर काढून घेतलं होतं.

एका दुपारी ऑफिसात तो तक्ता पुन्हा उघडला आणि वाहतुकीचा हिशेब नीट बघितला. ट्रकनं नेलेल्या दगडाला धूर लागतो, कारण डिझेल जळतं. यंत्रानं उचललेल्या दगडालाही लागतो. डोक्यावरून नेलेल्या दगडासमोर शून्य होतं. बाईच्या मानेत डिझेल जळत नाही ना. म्हणजे यंत्र जितकं कमी आणि बाया जितक्या जास्त, तितकी माझी भिंत पृथ्वीला हलकी. इतकी वर्षं मी हे मांडत होते आणि मला ते कधी खटकलं नव्हतं. माधापूरच्या एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. मी उठून तोंड धुऊन आले.

त्याच आठवड्यात मेस्त्रीला गाठलं आणि एकच अट घातली. एकही दगड कुणाच्या डोक्यावर जाणार नाही. तीन पायांची घोडी उभी करायची, तिला साखळीची पुली लावायची, मोठा दगड पुलीनं उतरवायचा, फळ्यांवरून हातगाडीनं सरकवायचा. लहान दगड दोघांनी मिळून पाटीत, कमरेच्या वर नाही. मेस्त्री माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ये सब नक्को. चार औरतां बुलालेतुं, जल्दी खतम हो जाता." मी म्हटलं, जल्दीच हवं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं? साखळी, घोडी आणायला टेम्पो लागणार होता, काम लांबणार होतं. माझ्या भिंतीचा धूर थोडा वाढला. वाढू दे म्हटलं.

दादांना मी यातलं काही सांगितलं नाही. पण वस्तीत गोष्ट लपून राहते होय? काम सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादा टोपी घालून हजर. फाटकाच्या आत पाऊल नाही, बाहेर उभे. गिलावा खाली येत होता, फिका निळा, गडद निळा, थरावर थर, आणि आतून जुना करडा-गुलाबी दगड उघडा पडत होता. दादा दगडाकडे बघत नव्हते. ते माणसांच्या डोक्यांकडे बघत होते. म्हणजे तपासणी सुरू झाली होती.

रोज यायला लागले. एकदा एका मजूर बाईनं सवयीनं पदराची चुंबळ केली आणि दगड वर घेतला. दादा फाटकाबाहेरून असे गरजले की पुली ओढणाऱ्याच्या हातातून साखळी सुटायची तेवढी राहिली. बाई हसायला लागली. तिनं तेलुगूत सांगितलं की त्या साखळीपेक्षा डोकं बरं, डोक्याला तेल घालावं लागत नाही. दादांनी तिला तेलुगूतच विचारलं की घरी लेकरं आहेत का. आहेत म्हणाली. मग उतरव, म्हणाले. तिनं उतरवला, पण म्हातारा खुळा आहे हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. तिला रोजच्या कामात हे असलं कौतुक कुणी केलं नसणार, आणि उद्या दुसऱ्या साइटवर ती पुन्हा डोक्यावरच घेणार होती. ते मलाही ठाऊक होतं, दादांनाही.

पेट्या एकेक करत चढत गेल्या. शेवटच्या दिवशी वरच्या पेटीत थोडीच जागा राहिली होती, मग झाकण तारेनं बांधायचं. समितीचे लोक जमले होते. मी अंगणात पेटीपाशी होते. फाटक वाजलं म्हणून वळून बघितलं तर दादा आत येत होते.

 ते सरळ दगडांच्या ढिगापाशी गेले, वाकले, नारळाएवढा एक दगड निवडला आणि दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला. या वयात पाठ धरली म्हणजे? मी म्हणाले, "दादा, ठेवा खाली, कुणीतरी घेईल."

"नियम डोक्याचा आहे," ते म्हणाले. "हे हातात आहे."

हळूहळू चालत आले. दगड पेटीत ठेवला, हलला म्हणून काढून फिरवून पुन्हा ठेवला, वरून तळहातानं दाबून बघितला. मग तसाच हात ठेवून उभे राहिले.

"मायनं डोक्यावर आणला होता," ते म्हणाले. "मी हातानं ठेवला."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मेस्त्रीनं झाकण टाकलं, तार पिळायला घेतली. दादांनी हात झटकले, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "खुर्ची कुठंय माझी?"

खुर्ची आमच्या बाल्कनीत होती. मी कुणाला पाठवलं नाही, स्वतः पळत घरी गेले. येताना त्या लोखंडी खुर्चीच्या कडा हाताला टोचायला लागल्या, म्हणून सरळ डोक्यावर घेतली आणि चढ चढायला लागले. खालच्या वहिनी खिडकीतून हसत होत्या. मी अर्ध्या पायऱ्या चढले असेन, तोच वरून, भिंतीच्या काठावरून, दादांचा आवाज आला.

"माय, डोक्यावरून उतरव ती."

मी थांबले. खुर्ची उतरवली, लेकरासारखी कडेवर घेतली, आणि उरलेल्या पायऱ्या चढून त्यांच्याकडे गेले.